चार तुकड्यांचं पुस्तक

अठरा तास अभ्यासाच्या दिवशी घरात भांडण काढायचं नाही, हा एकनाथरावांचा नियम. एकनाथराव जाऊन वर्षं झाली, घर नागपूरहून अमेरिकेत शुगर लँडला आलं, सतरंजीच्या जागी डायनिंग टेबल आलं, पण नियम टिकून होता. या वर्षी तो मोडला, आणि मोडणारं माणूसही बाहेरचं नव्हतं.

बाबासाहेबांच्या जयंतीला लागून येणारा शनिवार होता. सकाळी सहाला मेणबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील म्हणायचं आणि रात्री बारापर्यंत पुस्तकाला चिकटून बसायचं. मधे जेवण आणि चहा, एवढीच सूट. नागपुरात इंदोऱ्याच्या विहारात अख्खी वस्ती अशी बसायची. तीच रीत एकनाथराव-रमाबाईंच्या थोरल्यानं, ईश्वरनं, टेक्ससात आणली. तो स्वतः या दिवशी तेलकंपनीचे रिपोर्ट चाळायचा आणि त्यालाच अभ्यास म्हणायचा. त्याची बायको उपासना फार्मासिस्ट. लायसन्स टिकवायला लागणारे ऑनलाइन धडे ती वर्षभर साठवून या दिवशी संपवायची. रमाबाई निवृत्त शिक्षिका. त्या अमेरिकेचा नकाशा पुढ्यात घेऊन राज्यं पाठ करायच्या आणि दर वर्षी त्या मधल्या चौकोनी राज्यांपाशी येऊन अडायच्या.

टेबलाच्या एका टोकाला नात पायल. जन्म इथलाच, इतिहासात पीएच.डी. चाललेली, सोबत ह्यूस्टनच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांचा एक वर्ग. आज ती त्यांचे निबंध तपासत होती. दुसऱ्या टोकाला नातू कुशल, धाकट्या राकेशचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी नागपूरहून एम.एस. करायला आला आणि मोठ्या बाबांकडे, म्हणजे ईश्वरकडेच राहिला. चार वाजता आसपासची ओळखीची मराठी मंडळी आपली मुलं घेऊन यायची होती. ‘अभ्यास कसा करावा’ यावर मुलांशी कुशलच बोलणार होता. इस्त्रीचा शर्ट सकाळपासून हँगरला लटकत होता.

खरं सांगायचं तर कुशल आल्यापासून रमाबाईंचं वय उतरलं होतं. या घरात माणसं प्रेमाची, पण घाईची. ईश्वर गाडीतून फोनवर बोलायचा. पायल लहानपणापासून म्हणायची, ‘आजी, शॉर्ट व्हर्जन सांग ना.’ आता इंदोऱ्याच्या गोष्टीची शॉर्ट व्हर्जन कशी करायची? तिथं नुसत्या नळाच्या रांगेलाच अर्धा तास लागायचा! कुशल मात्र संध्याकाळी मागच्या अंगणात खुर्ची ओढून बसायचा आणि विचारायचा, ‘मग, आजी? पुढे?’ त्या एका ‘पुढे’वर रमाबाईंनी दोन उन्हाळे काढले होते.

सकाळचे दहा वाजले असतील. पायल एकदम हसली.

“गाइज, हे ऐका. एका मुलानं लिहिलंय. असाइनमेंट होती, घरातल्या ओल्डर पर्सनची स्टोरी. इट्स सो क्यूट.”

“अभ्यासात बोलायचं नाही,” ईश्वर रिपोर्टमधून मान न काढता म्हणाला.

“बाबा, दोन मिनिटं. आजीसाठी मराठीत सांगते.” तिनं स्क्रीन पुढे ओढला. “याचे ग्रँडफादर पेरूमधले. खूप पुअर. चार फ्रेंड्स आणि हिस्ट्रीचं टेक्स्टबुक एकच. मग त्यांनी काय केलं? बुक फाडलं! फोर पार्ट्स! एकेक पार्ट एकेकाकडे, मग बदलायचा. पण ग्रँडफादरला आधी थर्ड पार्ट मिळाला. म्हणून त्यांना वॉर कसं संपलं ते आधी कळलं, आणि का सुरू झालं ते एकदम शेवटी. मी याला बी ग्रेड दिली. लिहिलंय सुंदर, पण आय डिडन्ट बाय इट. असं कोण करतं?”

रमाबाईंचं बोट नेब्रास्कावर होतं, ते तिथंच राहिलं.

“तिसरा भाग भीमनगरच्या पोट्ट्याकडून आला होता,” त्या म्हणाल्या. “पावसात भिजून. आमचे हे तव्यावर पानं शेकत बसले होते.”

“हो! तवा पण आहे यात!” पायल म्हणाली, आणि मग तिचा आवाज आपोआप खाली आला. “आजी, तुला कसं माहीत?”

रमाबाईंनी नुसता भिंतीकडे हात केला. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली फळीवर बुद्धमूर्ती, मेणबत्ती, आणि मूर्तीशेजारी एक जुनं, तपकिरी पडलेलं इतिहासाचं पुस्तक. त्याच्या पाठीवर पांढरे टाके. पायलनं ते पुस्तक जन्मापासून पाहिलं होतं. दर वैशाख पौर्णिमेला त्याच्यावरची धूळ तीच पुसायची. ते शिवलेलं का आहे, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

ती उठली, फळीपाशी गेली, पुस्तक हातात घेऊन पाठीवरून बोट फिरवलं. तीन ठिकाणी टाके, चार तुकडे. मोजायला काही फार हुशारी लागत नव्हती.

“पण... पेरू?” ती म्हणाली. “आणि लास्ट सेमिस्टरला पण एक होता. फिलिपीन्सचा. मला वाटलं एकानं दुसऱ्याचं कॉपी केलं.”

आता सगळ्यांच्या माना टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे वळल्या. कुणी नाव घेतलं नव्हतं. पण ही गोष्ट या घरात बसून पूर्ण ऐकणारा एकच होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

“कुशल,” उपासना म्हणाली, “काही सांगायचंय का?”

कुशलनं लॅपटॉप मिटला. “मोठी आई, मी एका वेबसाइटसाठी लिहितो. स्टुडंट्स टॉपिक देतात, आम्ही लिहून देतो. मला वाटलं, घेणारी पोरं कुठं ओहायोत वगैरे असतील.”

जगात इतकी कॉलेजं, त्यात इतके वर्ग, आणि निबंध येऊन पडावा तो बहिणीच्याच पुढ्यात! चोराला नशीब लागतं म्हणतात, ते या पोराकडे मुळीच नव्हतं.

“विकतोस?” पायल म्हणाली. “यू सेल देम? कुशल, इट्स अगेन्स्ट द लॉ! टेक्ससमध्ये कायदा आहे. दुसरा माणूस आपलं म्हणून सबमिट करणार हे माहीत असून असाइनमेंट विकायची, दॅट्स अ क्राइम. आम्हाला ट्रेनिंगमध्येच सांगतात.”

“क्राइम?” कुशलच्या तोंडचं पाणी पळालं. “ताई, खरंच नव्हतं माहीत. आमच्या कॉलेजसमोर झेरॉक्सवाल्याकडे रेडीमेड प्रोजेक्ट मिळायचे, बाइंडिंगसकट! फक्त पहिलं पान बदलायचं. जर्नल तर सगळेच सीनियरचं उतरवायचे. सर स्वतः म्हणायचे, छान उतरवलंय. मला वाटलं, ही तशीच मदत. मी तर दर वेळी नवीन लिहायचो.”

हे मात्र खरं होतं, आणि रमाबाईंना ते माहीत होतं. नागपूरच्या कॉलेजरस्त्यावरची ती दुकानं त्यांनीही पाहिली होती. सबमिशनच्या आठवड्यात रसवंतीपेक्षा तिथं गर्दी. एकमेकांचं जर्नल उतरवणं हा तिथं गुन्हा नव्हता, दोस्ती होती. रात्र जागून मित्राची वही पुरी करणारा पोरगा चांगला समजला जायचा. कुशलनं ती दोस्ती उचलून इथं आणली आणि तिला दुकान जोडलं. घोळ झाला तो तिथं.

“तुरुंगबिरुंग होतो का?” ईश्वरनं विचारलं.

“नाही, बाबा. फाइन. पण त्याच्या युनिव्हर्सिटीला कळलं तर दे कॅन एक्स्पेल हिम.”

“आणि काढलं की व्हिसा गेला,” उपासना म्हणाली. “स्टुडंट व्हिसावर आहे तो. बॅग भरून घरी.”

मग या घरात जे कधी झालं नव्हतं ते झालं. अभ्यासाच्या टेबलावर आवाज चढले. ईश्वरचं म्हणणं, झाकली मूठ सव्वा लाखाची; पायलनं त्या मुलाला नापास करावं, कुणी लिहिलं ते सांगायची गरज काय? उपासनाचं म्हणणं, म्हणजे मुलीची नोकरी पणाला लावायची का? उद्या कळलं की लिहिणारा हिच्याच घरात राहतो, तर हीच विकत होती असं म्हणतील. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पायल नुसती येरझारा घालत होती.

त्यात ईश्वरनं राकेशला व्हिडिओ कॉल लावला. नागपुरात रात्रीचं जेवण चाललं होतं. सगळं ऐकल्यावर राकेश आधी मुलावर ओरडला, मग भावावर.

“दादा, तुझ्या भरवशावर पाठवलं होतं पोराला! तुझ्या छताखाली हे चालतं अन् तुला पत्ता नाही?”

“माझ्या भरवशावर?” ईश्वर भडकला. “तू फोनवर काय विचारतोस त्याला? जॉब लागला का, एवढंच ना? उंटावरून शेळ्या हाकू नकोस, राकेश. पोरगा इथं भांडी घासतो, आईला डॉक्टरकडे नेतो. चुकलाय, पण वाईट नाहीये तो. त्याला काही बोलायचं नाही!”

पाच मिनिटांपूर्वी हाच ईश्वर कुशलकडे बघायला तयार नव्हता. रमाबाईंना अशाही वेळी हसू आलं. हे दोघे लहानपणापासून असेच. एकमेकांना चिडवायचे, पण तिसऱ्यानं हात लावला की एक व्हायचे. आता तिसरा कुणी नव्हता, म्हणून एकमेकांनाच तिसरं करून घेतलं होतं.

फोन बंद झाला. ईश्वर आईच्या खुर्चीपाशी येऊन उकिडवा बसला.

“आई, तू सांग पायलला. तुझ्या शब्दाबाहेर नाही जाणार ती. एकदा म्हण, राहू दे म्हणून.”

पायल थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “आजी, तू म्हणालीस तर मी नाही सांगणार कुणाला. आय मीन इट.”

सगळं आता त्यांच्या एका शब्दावर येऊन बसलं. रमाबाईंना तो शब्द ओठांवर आलेला जाणवत होता. पोरगा गेला तर संध्याकाळी अंगणातली दुसरी खुर्ची रिकामी राहील. ‘पुढे?’ म्हणणारं कुणी उरणार नाही. आपलं म्हातारपण एका पोराच्या कानांवर चाललंय, हे त्यांना आज कळलं, आणि ते कान कशासाठी उघडे होते तेही आजच कळलं. दुखत होतं ते हेच. कायदा वगैरे मागाहून.

“आधी मला तो निबंध ऐकायचा आहे,” त्या म्हणाल्या. “सगळा. कुशल, तूच वाच. मराठीत सांग.”

कुशल उठला, पायलचा लॅपटॉप पुढ्यात घेतला. सुरुवातीला त्याचा आवाज लागेना. मग लागला. सतरंजी आली, कंदिलाची काच राखेनं पुसणं आलं, तव्यावर शेकलेली पानं आली. चौघं मित्र एकमेकांना भेटले की ‘कसा आहेस’ न विचारता ‘कुठल्या पानावर आहेस’ विचारायचे, ते आलं. नावं सगळी परकी, पण रमाबाईंना त्या नावांच्या मागे आपली माणसं चालताना दिसत होती. एकनाथरावांची कॉलर उलटी करून शिवलेला सदरा दिसत होता. पोरानं एक शब्द वाया जाऊ दिला नव्हता. किती नीट ऐकलं होतं त्यानं! त्यांनी डोळे पुसले. लपवलं नाही.

“परीक्षा संपल्यावर आजीनं चारही तुकडे गोधडीच्या सुईनं शिवले,” कुशल वाचत होता. “आणि त्याच हिवाळ्यात... त्याच हिवाळ्यात आजी गेली.”

“कुठं गेली?” रमाबाईंनी विचारलं.

कुशलनं स्क्रीनवरून मान वर केली नाही.

“अरे, मारलंस मला?”

“आजी, त्या मुलाला ‘लॉस’वर लिहायचं होतं,” कुशल पुटपुटला. “घरातलं कुणीतरी गेलेलं हवं होतं.”

“मग आजोबांना मारायचं की! ते तर खरेच गेलेत.”

उपासनाला हसू फुटलं, पाठोपाठ पायलला, आणि हसता हसता ती रडायला लागली. कुशल मात्र हसला नाही. तो लॅपटॉप ठेवून आजीच्या पायांशी येऊन बसला.

“काऊन रे केलंस?” रमाबाईंनी विचारलं. “घरी हात पसरायचा नव्हता म्हणून?”

“तेही होतं. पण तेवढंच नाही, आजी. मी दिवसभर कोड लिहितो. ते कुणी वाचत नाही, फक्त चालतं की नाही बघतात. तिथं लोक मेसेज करायचे, तुझं वाचून रडलो म्हणून. माझ्या नावानं कुणी वाचलं नसतं. दुसऱ्याच्या नावानं का होईना, वाचत होते.”

रमाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“सकाळी पंचशील म्हणालास ना माझ्याबरोबर? खणखणीत म्हणालास. दुसरं शील कोणतं?”

“अदिन्नादाना वेरमणी. न दिलेलं घ्यायचं नाही.”

“ते तू नाही मोडलंस. गोष्टी मी दिल्या होत्या, आपल्या हातानं. आता चौथं.”

कुशलनं मान खाली घातली. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते त्याच्या तोंडून लवकर निघेना. “मुसावादा,” एवढंच म्हणाला.

“तुझ्या आजोबांकडे अख्खं पुस्तक नव्हतं, पण पेपर स्वतः लिहिला त्यांनी. त्या पोराला तू अख्खं पुस्तक दिलंस, अन् त्याचं शिकणं काढून घेतलंस. त्याचीही आजी असेल ना रे कुठंतरी? तिला कुणी विचारलंच नाही.”

ईश्वर आईकडे आशेनं पाहत होता. रमाबाईंनी तो ओठांवरचा शब्द गिळला. पायलला त्या ‘राहू दे’ म्हणाल्या नाहीत, ‘सांग’ही म्हणाल्या नाहीत.

“ताई,” कुशलच म्हणाला, “तू नको रिपोर्ट करूस. मीच माझ्या डिपार्टमेंटला लिहितो. तुझ्या प्रोफेसरांना पण. कुठले दोन निबंध, ते नावानिशी सांगतो. तू फक्त सांग की लिहिणारा तुझा भाऊ आहे आणि तुला आज कळलं.”

“ते तुला काढू शकतात,” पायल म्हणाली. “यू नो दॅट, राइट?”

“माहीत आहे.”

पायल खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. सकाळपासून टेबलाची दोन टोकं होती, ती एका बाजूला आली. “मी पण लिहीन. तू स्वतः पुढे आलास म्हणून. आय डोन्ट नो इफ इट हेल्प्स.”

“वकिलाला दाखवल्याशिवाय काही पाठवायचं नाही,” उपासना म्हणाली. “प्रसाद देसभ्रतारला मी आत्ता फोन करते.” आणि ती फोन घेऊन आत गेली. इतके दिवस तिला कुशल म्हणजे सासरकडचा पाहुणा वाटायचा. आज त्याच्यासाठी वकील शोधायला सगळ्यांत आधी तीच उठली.

पत्र लिहायला दुपार झाली. वरणभात टेबलावर तसाच गार झाला. वकिलानं दोन वाक्यं काढली, एक घातलं. पाठवण्याआधी कुशलनं रमाबाईंना वाचून दाखवलं.

“शेवटी एक घाल,” रमाबाई म्हणाल्या. “त्या निबंधातली आजी जिवंत आहे. तिचं नाव रमाबाई एकनाथ मेश्राम. पत्ता घाल हवा तर. एवढं खोटं मी नाही चालवून घेणार.”

वकिलाला न विचारता ते वाक्य गेलं. पत्र गेल्यावर कुशल हँगरवरचा शर्ट परत कपाटात ठेवायला निघाला, आता मुलांसमोर कुठल्या तोंडानं बोलायचं म्हणून.

“असू दे तिथं,” रमाबाई म्हणाल्या. “चार वाजायचे आहेत अजून.”

पायल अजून ते पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. टाक्यांवरून तिचं बोट पुन्हा पुन्हा फिरत होतं. “आजी,” तिनं जपून, मराठीत जुळवत विचारलं, “हा दोरा कुठून आणला तू? निबंधात नाहीये ते.”

“निबंधात कसं असेल? मी सांगितलंच नाही त्याला.”

“मग मला सांग. लाँग व्हर्जन.”

कुशल दारात थबकला. सवयीनं त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला. रमाबाईंनी शेजारची खुर्ची थोपटली.

“ये, बस. लिहून नको घेऊ. नुसतं ऐक.”

तो बसला. फोन त्यानं टेबलावर उपडा ठेवला.

“दोरा माझ्या लग्नातल्या पांढऱ्या साडीचा,” रमाबाई म्हणाल्या. “घरात दुसरा तेवढा मजबूत नव्हता. तुझे आजोबा म्हणाले, तुकडे जोडून दे, विहारात ठेवू, मागच्या पोरांना होईल. परीक्षा झाली होती, त्यांना ते पुस्तक नकोसं झालं होतं. मी पहिला तुकडा घेतला. शिवायच्या आधी पान नीट लागलंय का पाहावं म्हणून पहिलं पान वाचायला लागले. मग दुसरं. मग चूल विझली तरी कळलं नाही.”

“पुढे?” कुशल म्हणाला. त्याच्या नकळतच निघालं ते.

रमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग पुस्तक पायलच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

“पुढे काय! एक तुकडा वाचायचा, मग शिवायचा. असं महिनाभर चाललं. ते चौघं हुशार होते, चौघं पास झाले. पण कुणी मधून वाचलं होतं, कुणी शेवटून. ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचणारी मीच पहिली. त्यांनी शिवायला दिलं होतं, वाच कुणी म्हणालं नव्हतं. पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा शाळेत नाव घातलं.”

बाहेर ड्राइव्हवेवर पहिली गाडी येऊन थांबली. दारं उघडल्याचा आणि मुलांचा आवाज आला. ईश्वर उठायला लागला, तर पायलनं हातानंच त्याला थांबवलं.

“मग शाळेत काय झालं, आजी?” तिनं विचारलं.